निळ्या साडीतली दुसरी

आमचे बंडोपंत सिंचन विभागातून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होतील, पण खरी नोकरी त्यांना यंदा लागली. सकाळी सहाला चष्मा, रजिस्टर आणि मोबाईल घेऊन पुढच्या खोलीत बसतात ते जेवायलाच उठतात, तेही तीन हाका मारल्यावर. काम एकच. ‘थाना पिपरझरी’मध्ये जुन्यांपैकी कोण परत येणार ते ठरवायचं.

ही एक जुनी हिंदी मालिका. पस्तीस वर्षांपूर्वी दर रविवारी लागायची. गावात पटवाऱ्याचा, म्हणजे तलाठ्याचा, खून होतो आणि थानेदार तपास करतो, एवढीच गोष्ट. तेरा रविवार तपास चालला आणि चौदाव्या रविवारी त्या वेळेला भाताच्या रोगांवरचा कार्यक्रम लागला. मालिका बंद. खून कोणी केला ते कळलंच नाही. शहाणी माणसं विसरून गेली. न विसरलेली माणसं आमच्या ह्यांच्या ग्रुपवर आहेत. दोनशे बारा जण. बालाघाटचे, गोंदियाचे, जबलपूरचे, आणि एक शारजाला.

यंदा मोबाईलवर मालिका दाखवणाऱ्या एका कंपनीनं जाहीर केलं की पिपरझरी पुन्हा येणार, जुने कलाकार घेऊन. कोणते ते सांगितलं नाही. नुसतं एक पोस्टर काढलं, त्यात नऊ सावल्या. तेव्हापासून आमच्या घरात शांतता नाही. थानेदाराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं अशी बातमी आली तेव्हा लंगडा थानेदार चालेल की नाही यावर दोन दिवस वाद झाला. मग कोणीतरी त्याला नागपूरच्या विमानतळावर पाहिलं, मिशा वाढवलेल्या. मिशा वाढवल्या म्हणजे येणारच, असा निकाल लागला. पटवाऱ्याची बायको आता गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत असते, तिनं केस रंगवणं सोडलं म्हणजे तीही येणार. हवालदाराला तर या लोकांनी दोनदा मारला आणि दोनदा जिवंत केला. एकदा तर श्रद्धांजलीचा फोटोही टाकून झाला होता, हार घालून.

आठ सावल्यांची अशी वासलात लागली. राहिली नववी. तिच्या कमरेवर घागर आहे.

ती निळ्या साडीवाली. मालिकेत तिला नाव नाही, एक शब्दही बोलत नाही. थानेदार कोणाची चौकशी करत असला की मागे हॅन्डपंपावर निळ्या साडीतली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पाणी भरत असते. तेरांपैकी अकरा भागांत. तोंड कधीच दिसत नाही. कधी ती डाव्या हातानं पंप मारते, कधी उजव्या. आमच्या ह्यांनी वीस वर्षं टेप झिजवून शोध लावला की त्या दोन जुळ्या बहिणी आहेत, एक खून करते आणि दुसरी त्याच वेळी पंपावर दिसते. ‘जुळ्यांचा सिद्धांत’ म्हणून तो शारजापर्यंत प्रसिद्ध आहे. उजव्या हाताची ती खुनी, असं ह्यांचं ठाम मत.

उजव्या हाताची ती मी आहे.

हसू नका. चौतीस वर्षं माझ्या हातचं जेवून माणूस मला खुनी ठरवत होता आणि मी त्याला वर भाकरी वाढत होते. हसण्यासारखं आहे, कबूल. पण मला ते कळू द्यायचं नव्हतं, आणि त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं.

माझे बाबा तेव्हा किरनापूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. शूटिंग आलं ते तिथेच, आणि डायरेक्टरला पसंत पडला तो बौद्ध मोहल्ल्यातला पंप. आमच्या घरी त्या मोहल्ल्याचं नाव घेत नसत, नुसतं ‘तिकडे’ म्हणत. तिकडे माझी शाळेतली मैत्रीण लीला राहायची. पहिल्या दिवशी लीला आपली पाणी भरत होती, तर कॅमेऱ्यावाल्यांना ते आवडलं. कपडे सांभाळणाऱ्या माणसानं तिला निळी साडी दिली आणि सांगितलं, रोज हीच साडी, रोज इथेच. दुसऱ्या दिवशी लीलाच्या घरी धान झोडायचं होतं. मी शूटिंग पाहायला गेले होते. त्या माणसाला बाईशी नाही, साडीशी मतलब. त्यानं साडी माझ्या हातात दिली. मग पंधरा दिवस हेच चाललं. लीलाच्या घराच्या मागे आम्ही साडी बदलायचो. ती सुटली की मी, मी सुटले की ती. तोंड दिसू नये म्हणून पदर ओढून घ्यायचो आणि पदराआडून पोट दुखेस्तोवर हसायचो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले पंधरा दिवस होते, हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते.

पुढच्या वर्षी गोंदियाचं स्थळ आलं, ठरलं आणि मोडलं. निरोप आला, तुमची मुलगी शूटिंगमध्ये उभी होती असं ऐकतो. खरं कारण शूटिंग नव्हतं. तिकडच्या पंपाचं पाणी आणि तिकडच्या मुलीच्या अंगावरची साडी, हे खरं कारण. आईनं आठ दिवस अंथरूण धरलं.

मग बालाघाटचं हे स्थळ आलं. सासरे महसूल खात्यातले, कडक. पाहण्याच्या कार्यक्रमात सगळं झालं, सुपारी फुटायची बाकी, आणि मुलानं एकच प्रश्न विचारला. शूटिंग झालं तो पंप इथून किती दूर आहे? मी दाराआड होते. गोंदियाची गोष्ट यांच्याही कानावर गेली तर. बाबांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज हलला नाही. ते म्हणाले, आमच्या घरातली मुलगी त्या पंपाकडे कधी फिरकलेली नाही, देवाशपथ सांगतो. मुलानं मान खाली घातली. सासरे म्हणाले, तुमचा शब्द म्हणजे झालं.

माझे बाबा जन्मात एकदा खोटं बोलले, तेही देवाची शपथ घेऊन, माझ्यासाठी. मी सासरी निघताना मला म्हणाले, आता हा शब्द तुझ्या हातात आहे. त्याआधी मी लीलाला भेटून सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नको. ती म्हणाली, हौ. मी पुन्हा तिकडे गेले नाही. लग्नानंतर ह्यांनी एकदा विचारलं, तू शूटिंग पाहिलं होतं का? मी नाही म्हटलं. बाबा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा फोटो आमच्या पुढच्या खोलीत आहे, आणि बंडोपंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की माझे सासरे म्हणजे एक शब्द. तेवढं ऐकलं की मी आत काहीतरी काम काढते.

तर अशा घरात गेल्या महिन्यात एका गुरुवारी बॉम्ब पडला. चैतराम मास्तर म्हणून ग्रुपवर एक आहेत, किरनापूरच्या शाळेत शिकवतात. त्यांनी एका अंगणवाडी सेविकेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, निळ्या साडीवाली मिळाली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पण लीलाच ती. बंडोपंत खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. म्हणाले, रविवारी अकराला आपल्याच घरी बैठक, मास्तर तिला घेऊन येणार, चौदा माणसांचे पोहे कर.

मी काय काय विचार केला म्हणून सांगू. बिरशाला नणंदेकडे निघून जावं म्हणून फोन केला, तर तीच लग्नाला बाहेरगावी चाललेली. आजारी पडावं, तर मला आजारी पडता येत नाही. पस्तीस वर्षांत मी लीलाला साधं पत्र टाकलं नव्हतं. बस स्टँडवर एकदा ती समोरून आली तर मी तोंड फिरवून रसवंतीत शिरले होते. तिनं माझा शब्द का म्हणून पाळावा? शुक्रवार-शनिवार मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं नाही. त्यांना या माणसांसमोर, त्यांच्याच जावयासमोर कोणी खोटारडा म्हणेल, हाच विचार डोक्यात होता.

रविवारी अकराला सगळे जमले. मी ट्रेमध्ये पाणी घेऊन गेले, आणि लीलानं वर पाहिलं. ओळखलं. एका क्षणात ओळखलं. मग तिनं ग्लास उचलला, पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि पदरानं ओठ पुसले. ओळखीचं एक अक्षर बोलली नाही. मी दारातच उभी राहिले.

बंडोपंतांनी रजिस्टर उघडलं. भाग दुसरा, सहावं मिनिट, डावा हात, तुम्हीच का? हौ, मी डावखुरी आहे. भाग तिसरा, उजवा हात? ती मी नाही, लीला म्हणाली आणि साडीची सगळी हकीकत सरळ सांगून टाकली. साडी एक, बाया दोन, ज्या दिवशी जी मोकळी ती उभी. ऐकता ऐकता माझ्या नवऱ्याचा चेहरा असा उतरला की मला एवढ्या भीतीतही त्यांची कीव आली. वीस वर्षांचा सिद्धांत एका वाक्यात गेला.

मग त्यांनी विचारलं, उजव्या हाताची कोण?

“होती माही मैत्रीण,” लीला म्हणाली. “तिनं नाव नको घेऊ म्हटलतं. मी हौ म्हटलतं. नाही सांगणार.”

माझा जीव भांड्यात पडला. खरंच, डोळ्यांपुढचं सगळं पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. सगळे तिच्या मागे लागले. ताई, आता काय होते सांगितलं तर, कंपनीवाले शोधत असतील, नववी सावली तिचीच असेल. लीला मान हलवत राहिली. मी सुटले होते. पोहे गरम करायला वळले सुद्धा.

तेवढ्यात नथ्थूजी बोलले. हे तहसिलीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवून त्यांना तीच सवय लागलेली. लीलाकडे न पाहता बंडोपंतांना म्हणाले, “अरे, दुसरी-बिसरी कोई नहीं थी. बाईले सिरियलमध्ये घुसाचं आहे, म्हणून कहाणी बनवून राह्यली. इन लोगों का क्या भरोसा.”

चैतराम मास्तर जमिनीकडे पाहत होते. लीलानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तिला हे नवीन नव्हतं, ते तिच्या हातांवरून कळत होतं. आणि मला इतका राग आला, नथ्थूजींचा कमी आणि माझा जास्त, की मी बाबांचा विचारच केला नाही.

“ती खोटं नाही बोलत,” मी म्हटलं. “उजव्या हाताची मी आहे.”

चौदा माणसांनी माना वळवल्या. बंडोपंतांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी वाट पाहत होते की आता ते फोटोकडे पाहतील. त्यांनी रजिस्टरची पानं उलटली.

“पाचव्या भागात घागर सांडते,” ते म्हणाले. “ते कोण?”

“मी. आणि ती सांडली नाही, लीलानं मागून खडा मारलता.”

“हौ, मारलता,” लीला म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग काय विचारता. दोन तास त्या माणसांनी आम्हाला जागचं हलू दिलं नाही. थानेदार चहा किती प्यायचा, पटवाऱ्याची बायको खरंच रडायची का, सगळं विचारून घेतलं. नथ्थूजी पोहे न खाता निघून गेले. त्यांचे पोहे चैतराम मास्तरांनी खाल्ले. जाताना ते लीलाला म्हणाले की दुपारी चारला परत न्यायला येतो.

सगळे गेल्यावर बंडोपंत स्वयंपाकघरात आले. मी पाठमोरी उभी राहून तांदूळ धूत होते. धुवून झालेले तांदूळ पुन्हा धूत होते. म्हटलं, बोला काय बोलायचं ते. बाबा खोटं बोलले, माझ्यासाठी बोलले. गोंदियाचं स्थळ याच पायी मोडलं होतं, आणि तुम्ही पंपाचं विचारलं तेव्हा आम्हाला वाटलं तुमच्याही कानावर गेलं.

ते स्टूल ओढून बसले.

“पोरगी पाहाले माहे बाबा आलते,” ते म्हणाले. “मी पंप पाहाले आलतो. तेवढ्यासाठीच किरनापूरले यायले हौ म्हटलतं.”

मी वळून पाहिलं. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा पोरासारखा अपराधी झालेला. ते सांगत होते, तुझ्या बाबांनी नाही म्हटलं आणि माझा इतका हिरमोड झाला, वाटलं, एवढ्या जवळ राहून ज्या घरातलं कोणी गेलं नाही त्या घरात काय बोलायचं. पुन्हा विचारलं तर तूही नाही म्हणाली. मग तो विषयच तुझ्याजवळ काढला नाही.

मी मटकन खाली बसले, फरशीवर. चौतीस वर्षं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही थांबत नव्हतं. थोडं सावरल्यावर मी तो प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय हे हलकं होणं खरं नव्हतं.

“तुमच्या बाबांले खरं सांगितलं असतं तर?”

त्यांनी चष्मा काढला. “मोडलं असतं त्यांनी,” ते म्हणाले. “आणि खोटं काहून बोलू, मीही गप्पच बसलो असतो तेव्हा.” चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, “तुह्या बाबांनी बरंच केलं.”

एवढं ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, माझा तर पाठीवरचा, खांद्यावरचा, सगळाच उतरला. त्यांनी विचारलं, रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहू का? म्हटलं, लिहा. आधी लीलाचं लिहा, पंप तिचा होता.

जेवायला आम्ही दोघीच बसलो, मागच्या ओसरीत. बंडोपंत ग्रुपवर आपलाच सिद्धांत रद्द करण्यात गुंतले होते आणि ते काम त्यांना जेवणापेक्षा जड जात होतं. लीला निवांत जेवत होती. तिनं दुसऱ्यांदा वरण घेतलं आणि ताटाकडे पाहतच विचारलं,

“बस स्टँडवर तू मले पाहिलतं नं?”

“हौ.”

“मले वाटलं, नसन पाहिलं. घरी जाऊन पोरीले तसंच सांगितलं.”

मी तिची माफी मागितली. सरळ, शब्दांनी. म्हटलं, मले लाज तुही नव्हती, लीला, भीती लोकांची होती, पण तुले त्यानं काय फरक पडते. पस्तीस वर्षं तू माह्यासाठी तोंड बंद ठेवलं आणि मी तुले ओळखही दाखवली नाही. ती जाऊ दे असं म्हणाली नाही, आणि मला तेच बरं वाटलं. भात संपवून, बोटं चाटून मग म्हणाली, “पुढच्या अमावास्येनंतर पोरीच्या पोराचं नाव ठेवाचं आहे. घरी ये. दारातून नाही, आत ये, जेवाले.”

मी येते म्हटलं. ह्यांना घेऊन येते म्हटलं, पंप पाहायचा राहिलाय त्यांचा. पंप केव्हाच काढला, नळ आले, ती म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की बंडोपंत मोबाईल घेऊन पाहायला आले.

हात धुवायला ती अंगणात गेली. पलीकडे शेजारची मंजू कपडे वाळत घालत होती. सकाळपासूनची गर्दी तिनं पाहिली होतीच. भिंतीवरून मान उंच करून तिनं विचारलं, काकू, कोण आल्या आहेत?

क्षणभर जुनी सवय जिभेवर आली. कोणी नाही, ह्यांच्या मीटिंगला आलेल्या. ती मी गिळली.

“माही मैत्रीण आहे, लीला,” मी म्हटलं. आवाज लागतो त्याच्यापेक्षा मोठाच निघाला. “किरनापूरची. बौद्ध मोहल्ल्यातली. लहानपणापासूनची.”

“हौ का,” मंजू म्हणाली, लीलाकडे पाहून हसली आणि पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला.

एवढंच. मी ज्याला एवढी वर्षं भीत होते ते एवढंच होतं.